न वाजणारा डबा

मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई देवपुरात राहतात. गेल्या आठवड्यात पूल ओलांडून त्या मुद्दाम आमच्या घरी आल्या आणि शाळेच्या हस्तलिखितासाठी मी काहीतरी लिहावं म्हणून तासभर बसल्या. विषय त्यांनीच आणला होता. भाद्रपद-आश्विनातल्या गोड आठवणी. गुलाबाई, टिपऱ्या, खाऊ ओळखणं, झालंच तर भुताखेतांच्या गमती. "तुमच्या लहानपणी फार मजा असेल, नाही?" असं त्या म्हणाल्या आणि मी कपबशी जरा आपटूनच खाली ठेवली. त्यांची काही चूक नव्हती. पण त्या महिन्याला कोणी गोड म्हटलं की माझं डोकं फिरतं. वीसेक वर्षं झाली, अजून फिरतं. मी त्यांना हो म्हटलं ते रागाच्या भरातच. हे लिखाण त्या हस्तलिखितात घालणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

मजा होती, हे आधी कबूल करते. नाही म्हटलं तर खोटं होईल, आणि खोटं मी या बाबतीत पुरेसं बोलून बसले आहे.

पहिलं महायुद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती. मी अकरा वर्षांची. धुळ्यात पांझरेच्या अलीकडे, नदीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत आम्ही राहत होतो. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. आई मानमोडी तापाच्या साथीत गेली. त्या साथीत आमच्या गल्लीतलं एकही घर सुटलं नव्हतं. तेव्हापासून माझी आत्या आमचं घर सांभाळायची. आत्या कामाला वाघीण होती आणि तोंडालाही. गल्लीत कुठे काय शिजलं हे तिला आपल्या चुलीवरचं उतरवायच्या आधी कळायचं.

भाद्रपद निम्मा सरला की पांझरेचं गढूळ पाणी निवळायचं आणि खडकांमधली डबकी तेवढी मागे राहायची. खेड्यावरून येणारी माणसं भुईमुगाच्या ओल्या शेंगांच्या जुड्या आणायची, मातीसकट. बाजरीची कणसं चुलीत भाजून हातावर चोळली की दाणे खाली आणि कुसळं वाऱ्यावर. सीताफळं गवतात दडवून ठेवायची आणि रोज एकेकाला दाबून बघायचं, म्हणजे ती पिकायच्या आधी काळी पडायची आणि आत्या ओरडायची. दुपारी ऊन असं तापायचं की अंगणात पाय ठेववत नसे, आणि संध्याकाळी नदीवरून गार वारा सुटायचा. तो सुटला की आम्ही मुली टिपऱ्या घेऊन बाहेर.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसायची ती कोजागिरीपर्यंत. गुलाबाई म्हणजे पार्वती, महिनाभर माहेरपणाला आलेली. कुंभाराकडून आणलेली रंगीत मातीची मूर्ती, शेजारी तिचा नवरा, फेटेवाला गुलोजी, मांडीवर मूल. ज्या घरी मुलगी त्या घरी गुलाबाई. रोज संध्याकाळी आम्ही दहा-बारा जणी एकेका घरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायचो. गाणी संपली की खाऊ. पण खाऊ असा फुकट मिळत नसे. घरची बाई झाकणाचा डबा घेऊन यायची, आमच्या कानाशी खुळखुळवायची आणि आत काय आहे ते आवाजावरून ओळखायला लावायची. गोड की तिखट, एवढं विचारायची परवानगी. शेंगदाणे जड वाजतात, फुटाणे ठणठण वाजतात, लाह्या नुसत्या सरसरतात, लाडू एक असला तर गडगडतो. ओळखलं तर पहिली मूठ ओळखणारीची. नाही ओळखलं तर सगळ्यांनी हात जोडून "हारलो" म्हणायचं, मग बाई हसत डबा उघडणार.

मी ओळखण्यात पटाईत होते. नुसती पटाईत नाही, गल्लीत माझा दरारा होता. दुसऱ्या आळीच्या मुली मला आपल्या टोळीत ओढायला बघायच्या. आई नसलेल्या पोरीकडे लोक कीव करून बघतात, आणि त्या महिन्यात तेवढं माझ्याकडे कोणी तसं बघत नसे. मला ते फार हवं होतं. आज त्या हवं असण्याचाही राग येतो.

आता याच महिन्यातले पहिले पंधरा दिवस पितरांचे. घरोघर उडदाचे वडे, गिलक्याची भजी, खीर, लाल डांगराची, म्हणजे भोपळ्याची, भाजी. मेलेली माणसं त्या दिवसांत जेवायला येतात, आणि त्यांच्यामागोमाग जी येऊ नयेत तीही येतात, असं आम्हाला मोठ्यांनीच सांगितलेलं. त्यामुळे एका घरून दुसऱ्या घरी जाताना आमच्या गप्पा म्हणजे दुसरं काय असणार. नदीच्या डोहातल्या आसरा, पिंपळावरची हडळ, उलट्या पायांची, आणि सगळ्यांत वरची डाकीण. डाकीण झाडावर नसते. ती चालतीबोलती बाई असते, घरात असते, नजरेनं लहान मूल सुकवते. ती बाई कोण हे मात्र कधी कोणाला माहीत नसायचं. भ्यायचं आणि एकमेकींचे हात घट्ट धरायचे. तीही मजाच.

आमच्या गल्लीच्या टोकाला नदीकडचं शेवटचं घर होतं. दोन भावांचं. थोरला भाऊ मानमोडीत गेला, त्याच आठवड्यात माझी आई गेली. त्याची विधवा बायको त्या घरात दिराजवळ राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणायचो. दिराची बायको तब्येतीनं नाजूक, म्हणजे तिला कामाचा कंटाळा होता. सगळा स्वयंपाक अक्काचा, धुणं अक्काचं आणि दिराची चार वर्षांची पोरगीही अक्काचीच. ती पोर अक्काच्या कमरेवरून खाली उतरत नसे. त्या पोरीपायी त्या घरी गुलाबाई बसली होती आणि खाऊ अर्थातच अक्का करायची. ती पुढे यायची नाही. स्वयंपाकघराच्या दारातूनच हात लांब करून डबा हलवायची आणि म्हणायची, "वळखा व पोरी, आज काय शे?"

तिचा डबा वाजत नसे.

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं रिकामा आहे. तिनं तो नेहमीसारखा आत नेऊन उघडला आणि मुठीत तिळगुळाच्या वड्या घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मी कान डब्याला लावला. काही नाही. आत चिंचेच्या गोळ्या निघाल्या. तिसऱ्या दिवशी नाक लावलं. वास पितळेचा. आत शेंगदाणे, जे जगात सगळ्यांत मोठ्यानं वाजतात. रोज हात जोडायचे, रोज "हारलो" म्हणायचं आणि रोज अक्का आत तोंड वळवून हसायची. त्या घरात तिला हसायचं दुसरं काय कारण होतं, हे मी तेव्हा विचारात घेतलं नाही. बाकीच्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "तुनाकडथून बी व्हत नही का व?"

त्यावर मी जे बोलले ते माझ्या तोंडून कसं आलं, मला सांगता येत नाही. कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणाले, "अक्का डब्बावर मंतर म्हणस. म्हणीसन तो वाजत नही."

खोटं बोललेलं कळत होतं मला. पण काय झालं, ते वाक्य ऐकताच सगळ्या गप्प झाल्या आणि मी हरलेली राहिले नाही. दुसऱ्या दिवशी एकीनं तिचे ओठ हलताना पाहिले होते. तिसऱ्या दिवशी दुसरीनं तिला दुपारी नदीच्या डोहाजवळ एकटी बसलेली पाहिली होती. धुणं धुवायला बाई एकटी नाही तर काय वाजंत्री घेऊन जाणार? पण हे विचारणारं आमच्यात कोणी नव्हतं. मी तर विचारणारच नव्हते.

पितरांच्या पंधरवड्यातली नवमी ही नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. आमच्याकडे त्या दिवशी आईसाठी सवाष्ण जेवायची. अक्का विधवा, तिला बोलावणं शक्य नव्हतं. पण ती आईची मैत्रीण होती. दोघी बरोबर पाण्याला जायच्या, म्हणे. सकाळी ती आमच्या मागच्या दारी आली, डांगराची मोठी फोड टोपलीत घालून. आत्यानं ती उंबऱ्याबाहेरूनच घेतली. अक्का मला म्हणाली, "तुनी मायले डांगरनी भाजी भलती आवडे." माझ्या आईला काय आवडायचं हे मला कोणी सांगत नसे. वडील तिचं नाव काढत नसत.

जेवणं झाल्यावर आत्यानं मला ती टोपली परत द्यायला धाडलं. अक्का घरात नव्हती, घागर घेऊन खाली गेली होती. तिची जाऊ पलीकडच्या खोलीत झोपली होती. स्वयंपाकघरात फळीवर पितळेचा डबा संध्याकाळसाठी तयार करून ठेवलेला.

मी उघडला. आत कापूस होता. गेल्या हंगामाचा, सरकी काढलेला, पांढराशुभ्र. वर कापूस, खाली कापूस, मधे केळीच्या पानाची पुरचुंडी. पुरचुंडीत भाजलेल्या डांगराच्या बिया, गुळात घोळलेल्या. एवढाच तो मंत्र. ठासून भरलेल्या कापसात काय वाजणार? मी एक बी तोंडात टाकली, पान होतं तसं मिटलं, झाकण लावलं आणि वळले तर दारात अक्का. ती माझ्या बोटांकडे बघत होती. गुळानं चिकट झालेल्या बोटांना कापूस लागला होता. मी हात मागे घेतला. तिनं कमरेवरची घागर उतरवली, टोपली घेतली आणि म्हणाली, "जाय, घर वाट देखी ऱ्हायना व्हतीन."

संध्याकाळी तिनं दारातून डबा हलवला. मी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, उगीचच बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "डांगरना बिया. गूळमा घोयेल." मुली किंचाळल्या. अक्का म्हणाली, "हारनू व माय. आज मी हारनू." आणि तिनं एक सोडून दोन मुठी माझ्या ओंजळीत घातल्या. तो दिवस माझ्या आईचा होता हे तिच्या ध्यानात होतं. माझ्या नव्हतं.

बाहेर आल्यावर मुलींनी मला घेरलं. कसं ओळखलं? आता इथे मला सांगता आलं असतं की वास आला. कोणी अडवलं नसतं. पण मंत्राची गोष्ट मीच काढलेली, तो मंत्र मोडूनच जिंकलेलं चांगलं दिसणार. मी म्हणाले, "मी मुठमा मीठ धरी लिन्हं व्हतं. मीठ ऱ्हायनं म्हणजे मंतर चालत नही."

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुली मुठीत मीठ घेऊन त्या दाराशी जायला लागल्या. घामानं मीठ ओघळायचं, हात चरचरायचे. अक्काला कळेना या पोरी मुठी का उघडत नाहीत. ती खाऊ घ्यायला हात पुढे करायला सांगायची आणि या डावा हात पुढे करायच्या.

मीठ कमी व्हायला लागलं तेव्हा आयांनी विचारलं. मुलींनी सांगितलं. झालं. पोरींचा खेळ बायकांच्या हाती गेला, आणि बायकांच्या हातून पुरुषांच्या बैठकीत. आमच्या आत्यानं मला जवळ बसवून सगळं पुन्हा विचारून घेतलं आणि मी ते पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जास्त नीट.

सर्वपित्री अमावास्येला दिराच्या पोरीला ताप भरला. दात वाजवीत थंडी, मग अंग भाजेल असा ताप, मग घाम, आणि दुसऱ्या दिवशी पोर उठून खेळायला लागलेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पांझरेची डबकी मागे राहिली की दर वर्षी गल्लीत पाच-सात जणांना हा हिवताप यायचा. शाळेतल्या पुस्तकात तो लिहिलेला होता. माझे वडील तो वर्गात शिकवायचे. डास, डबकं, कोयनेल. पण लोक म्हणाले, एक दिवस धरते आणि एक दिवस सोडते. ताप असं करतो का कधी? आणि मानमोडीनं घरोघरची माणसं नेलेली, त्यामुळे ताप म्हटलं की सगळ्यांची बुद्धी पळायची. एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणते. याच्यापुढे मला त्यांच्या बाजूनं काही म्हणायचं नाही.

वडिलांनी दवाखान्यातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या आणून दिराच्या हातात दिल्या. दिरानं त्या घेतल्या आणि पिंपळनेरकडून भगत बोलावला. दोन्ही केलं. लोक नेहमी दोन्ही करतात आणि गुण आला की भगताच्या नावावर टाकतात.

घट बसले त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी भगत आला. भर दुपारी, दिराच्या अंगणात, गल्ली गोळा करून. मी इतर मुलींबरोबर कुडाजवळ उभी. वडील समोर आमच्या ओट्यावर उभे, हातात शाळेची छत्री. भगतानं सुपात ज्वारीचे दाणे टाकले, जोड्या लावल्या, पुन्हा मोडल्या. त्याला दाण्यांची गरज नव्हती. पान खाताना दिराच्या बायकोनं त्याला सगळं सांगून टाकलेलं मी स्वतः ऐकलं होतं. तो म्हणाला, "घरमाच शे ती. कपाय कोरं शे तिनं. तिना हातनं खादेल शे पोरनी."

अंगणात कोरं कपाळ एकच होतं. बाकीच्या विधवा सोयीनं घरात थांबल्या होत्या. आमची आत्या त्यांच्यातलीच.

दिराची बायको रडत म्हणाली, "हाई आठे ऱ्हायनी ते मन्ही पोरले खाई टाकी." आणि ती पोर कोणाच्या कडेवर होती? अक्काच्याच. ताप नसलेला दिवस होता, ती अक्काच्या खांद्यावर मान टाकून बोट चोखत होती. दिरानं पुढे होऊन पोर ओढून घेतली. पोरीनं भोकाड पसरलं, अक्काकडे हात करकरून रडली. ते बघून एक म्हातारी म्हणाली, बघा कशी धरून ठेवली आहे तिनं. प्रेमानं रडली तरी डाकीण, भीतीनं रडली असती तरी डाकीणच. मी आज इतकी वर्षं हा विचार करते आहे की त्या पोरीनं काय केलं असतं म्हणजे अक्का सुटली असती. काहीही नाही.

दिरानं मिठाची गोष्ट काढली. मंत्र नव्हता तर मिठानं मोडला कसा? डबा वाजत का नव्हता?

अक्का दिराकडे वळली. तिला पहिल्यांदाच कळलं असावं की हे सगळं त्या डब्यापासून सुरू झालं आहे. ती जवळजवळ हसली. तिला वाटलं, एवढंच ना. ती म्हणाली, "मंतर कसाना, भाऊ? डब्बामा कापूस भरेल व्हता." आणि मग अंगणभर बघत तिनं मला शोधून काढलं. "हाई पोरनी देखेल शे. मास्तरनी पोर. तिले इचारा."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. वडीलही. दिरानं विचारलं, "काय व, तू देखं का कापूस?"

माझ्या दोन्ही बाजूंना मुली उभ्या होत्या. मी हो म्हटलं असतं तर मी डबा चोरून उघडला होता, मी ओळखलंच नव्हतं, मीठ खोटं होतं, आणि उरलेला सगळा महिना, उरलेलं सगळं बालपण मी लबाड पोर ठरले असते. एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला एका बाईचं राहतं घर. मला दोन्ही दिसत होतं. लहान होते म्हणून कळलं नाही, असं लोक सांगतात तसं मी सांगणार नाही. कळत होतं.

मी म्हणाले, "नही. मी डब्बा उघाडा नही."

अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला माझी चिकट बोटं आठवत असणार. तिनं पुन्हा विचारलं असतं, खोदून विचारलं असतं, तर मी बहुतेक रडले असते आणि खरं बाहेर पडलं असतं. ती दिराला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. लेकरू शे ते."

त्या संध्याकाळी गाण्यांना न जाता मी वडिलांना सगळं सांगितलं. कापूस, पान, बिया, मीठ. ते दिव्याखाली वह्या तपासत होते. त्यांनी ऐकून घेतलं, मला रागावले नाहीत. मला वाटलं आता ते टोपी घालतील आणि जातील. ते म्हणाले, "मला माहीत होतं असंच काही असणार." मग हातातल्या वहीवर शेरा लिहून म्हणाले, "दुसऱ्याच्या घरातला मामला आहे. आपण मास्तर माणसं. उद्या त्यांचीच मुलं आपल्याकडे शिकायला यायची. आणि तुझं नाव कशाला मधे?" आणि त्यांनी पुढची वही ओढली. माझ्यावर लोकांनी राग धरावा हे मला मान्य आहे. पण मी अकरा वर्षांची होते आणि ते चाळीसचे. डास, डबकं, कोयनेल हे सगळं ज्यांना तोंडपाठ, ते छत्री धरून ओट्यावर उभे राहिले. त्यांचं श्राद्ध मी दर वर्षी करते आणि दर वर्षी पानावर वाढताना रागानं पळी आपटते.

तिला घेऊन जा, असा निरोप दिरानं एका गाडीवानाबरोबर धाडला आणि चौथ्या दिवशी सकाळी अक्काचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. पिंपळनेरच्या पलीकडे त्यांचं गाव. दोन लुगडी, एक तांब्या, एक गोधडी. पितळेचा डबा दिराच्या बायकोनं ठेवून घेतला. दारं सगळी लावलेली होती, नजर लागू नये म्हणून. आमचंही. आत्यानं कडी घालून वर मला आपल्याजवळ बसवून ठेवलं.

कोयनेलनं पोर बरी झाली. दसऱ्याला ती आपट्याची पानं वाटत गल्लीभर फिरली आणि लोक एकमेकांना म्हणाले, बघा, ती गेली आणि पोर उठली. पुराव्याला आणखी काय पाहिजे होतं? दिराकडे पुढचे सहा महिने करपलेलं अन्न जेवले सगळे. त्याचा मला आनंद झाला होता. कोजागिरीला आम्ही गुलाबाई नदीत बुडवली, गाणी म्हटली, आटीव दूध प्यायलो. मी सगळ्यांत पुढे होते.

पुढल्या वर्षी पावसाळा संपताना वडील शाळेच्या कामाला पिंपळनेरकडे गेले होते. परत आल्यावर जेवता जेवता त्यांनी आत्याला सांगितलं. निरोप नेणाऱ्या गाडीवानामार्फत गोष्ट अक्काच्या आधीच माहेरी पोचली होती. भावांनी तिला घरात घेतलं नाही, गोठ्यात ठेवलं. मुलं दगड मारायची, म्हणून ती दिवसा बाहेर पडत नसे. आषाढात गेली. काय झालं होतं ते कोणी पाहिलं नाही. सांगून झाल्यावर वडिलांनी ताक मागितलं. मी वाढलं.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा जळगावहून पाहुणे मला बघायला आले; मुलगा मात्र धुळ्यातच नोकरीला होता. सासरे होणारे, त्यांचा भाऊ आणि सासू होणारी. मला पाटावर बसवलं. वाचायला येतं का, विणायला येतं का, भाकरी थापून दाखव, सगळं झालं. रंगावरून जरा अडत होतं. मुलगी बिनआईची, हेही त्यांना खटकत असावं. तेव्हा आत्या पदर सावरून पुढे आली. माझ्या गुणांमधला तिला वाटणारा सगळ्यांत मोठा गुण तिनं शेवटाला राखून ठेवला होता. ती म्हणाली, "हाई पोर साधी नही. नवलनी शे. अकरा वरीसनी व्हती तव्हय हिनी डाकिणना मंतर मोडा. बठ्ठी गल्ली वाचनी."

पाहुण्यांची तोंडं बदलली. सासूनं प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. तिची दोन मुलं लहानपणी तापानं गेलेली, हे मला नंतर कळलं. वडील कोपऱ्यात बसले होते, सतरंजीचा दोरा ओढत.

सासूनं माझ्या हनुवटीला हात लावून तोंड वर केलं आणि विचारलं, "खरं शे का व हाई?"

अक्का मरून तीन वर्षं झाली होती. आता खरं बोलून कोणाचं घर वाचणार नव्हतं, फक्त माझं मोडणार होतं. वडिलांनी मान वर केली नाही. मी सासूच्या डोळ्यांत बघून "हो" म्हणाले. तिनं माझ्या कपाळावर कुंकू लावलं आणि साखर मागवली.